वृद्ध श्वानांचे मूत्रविकार व प्रजननविकार : ओळख, निदान आणि उपचार



वार्षिक अहवालात जमाखर्चाचे आकडे असतात, आभाराचे शब्द असतात. त्यांच्या जोडीला एखाद्या आजाराची नीट समजून घेण्याजोगी माहितीही असावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. विषय आहे वृद्ध श्वानांच्या मूत्रमार्गाचे व जननेंद्रियांचे आजार. हा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. या आजारांतील बरेचसे वेळीच ओळखले तर बरे होतात. परंतु रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असतो.

“वय झाले आहे, चालायचेच”

घरातील म्हातारा कुत्रा जास्त पाणी पिऊ लागला, अंगणाऐवजी ओसरीवर लघवी करू लागला, की घरची मंडळी एकमेकांची समजूत घालतात : “वय झाले आहे, चालायचेच.” गोंदियाच्या बाजारपेठेत हे वाक्य जसे ऐकू येते, तसेच ते तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी-मोरगावच्या धानपट्ट्यातही ऐकू येते. त्यामागे दुष्टपणा नसतो. उलट माया असते. तथापि वार्धक्य ही अवस्था आहे, तो रोग नाही. मोठ्या चणीची कुत्री साधारण सात-आठ वर्षांची झाली आणि लहान चणीची दहा-अकरा वर्षांची झाली की ती वृद्ध गणली जातात. या वयात मूत्रपिंडांची राखीव शक्ती घटते, नराची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, मादीच्या गर्भाशयाचे अस्तर जाड होते. या बदलांपैकी कोणता निरुपद्रवी आणि कोणता जिवावर बेतणारा, हे तपासल्यावाचून कळत नाही.

मूत्रमार्ग आणि जननेंद्रिये यांचा विचार एकत्र का करावा लागतो, हेही आरंभीच सांगणे उचित होईल. मादीचे गर्भाशय मूत्राशयाच्या अगदी लगत असते आणि तिची मूत्रनलिका योनिमार्गातच उघडते. नराची मूत्रनलिका प्रोस्टेट ग्रंथीच्या मधून जाते. त्यामुळे लघवीत दिसलेले रक्त मूत्राशयातले असेल, प्रोस्टेटमधले असेल, गर्भाशयातले असेल किंवा योनीतील गाठीचेही असेल. लक्षण एकच, घरे चार. रक्त नेमके कोणत्या घरातून येते हे शोधणे, हेच निदानाचे पहिले काम होय.

घरी करावयाचे निरीक्षण

दवाखान्यातील कोणत्याही यंत्राआधी घरच्या माणसांचे डोळे कामास येतात. त्यातही पाण्याचे मोजमाप सर्वांत उपयुक्त आहे. सकाळी मापाने पाणी भरून एकच भांडे ठेवावे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी मोजावे. असे दोन-तीन दिवस करावे. निरोगी श्वान दिवसाला आपल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. म्हणजे १५ किलो वजनाच्या कुत्र्याला पाऊण ते एक लिटर पुरे होते. हेच प्रमाण दर किलोमागे १०० मिलिलिटरच्या पुढे, म्हणजे या कुत्र्याच्या बाबतीत दीड लिटरच्या पुढे गेले, तर ते खात्रीने जास्त समजावे. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यातील कडक उन्हाळ्यात प्रत्येकच जनावर थोडे अधिक पाणी पिते; म्हणून तुलना शेजारच्या कुत्र्याशी न करता त्याच कुत्र्याच्या नेहमीच्या सवयीशी करावी.

याखेरीज पुढील गोष्टी लक्षात ठेवून त्या डॉक्टरांना सांगाव्यात. लघवीस किती वेळा जातो आणि दर वेळी धार येते की थेंब? कुंथतो का? लघवीच्या आरंभी रक्त दिसते, शेवटी दिसते, की लघवी नसतानाही थेंब पडतात? कुत्रा जागेपणी लघवी करतो, की झोपेत अंथरूण भिजते? मादी शेवटची माजावर कधी आली होती? तिचे गर्भाशय काढलेले आहे काय? माज थांबवण्याचे इंजेक्शन कधी दिले होते काय? या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

दवाखान्यातील तपासणीचा क्रम

प्रथम अंगावरून हात फिरवून तपासणी होते : पाण्याचा अंश कमी झाला आहे का, हिरड्यांचा रंग कसा आहे, पोट फुगले आहे का, मूत्राशय ताठ लागते का. वृद्ध नराची गुदद्वारातून बोटाने तपासणी करणे आवश्यक असते, कारण प्रोस्टेट ग्रंथी तेथेच हाताला लागते. ही तपासणी टाळली तर निदान अर्धेच राहते.

त्यानंतर लघवीची तपासणी. ही सर्वांत स्वस्त तपासणी असून तिच्याइतके थोड्या खर्चात दुसरे काहीच सांगत नाही. सकाळची पहिली लघवी स्वच्छ पळीत, धार मध्यावर असताना धरावी आणि तासाभरात दवाखान्यात पोहोचवावी. तिची घनता, साखर, प्रथिने, रक्तपेशी, पू-पेशी, स्फटिक आणि जंतू पाहिले जातात. शक्य असेल तेथे जंतूंचे संवर्धन करून कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे ठरवावे.

येथे एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे : लघवीचा नमुना सलाईन लावण्यापूर्वी घ्यावा. अंगातील पाणी आटलेले असताना निरोगी मूत्रपिंड लघवी घट्ट करून पाणी वाचवते. तिची घनता १.०३० किंवा त्याहून अधिक येते. अशाच स्थितीत घनता १.००८ ते १.०१२ एवढीच राहिली, तर मूत्रपिंड आपले काम करीत नाही असा संशय बळावतो. सलाईन सुरू केल्यावर लघवी तशीही पातळ होते आणि हा पुरावा कायमचा हातचा जातो. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसले तरी केवळ त्यावरून मूत्रपिंड निकामी झाले असे म्हणता येत नाही. रक्त आणि लघवी यांचे अहवाल शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

शेवटी एक्स-रे आणि सोनोग्राफी. बहुतेक मूतखडे एक्स-रेत दिसतात. गर्भाशयातील पू, प्रोस्टेटमधील पोकळ्या आणि मूत्राशयाच्या भिंतीवरील गाठी सोनोग्राफीत अधिक स्पष्ट दिसतात.

आता दोन उदाहरणे घेऊ. ती कोणा एका कुटुंबाची नव्हेत. वारंवार आढळणाऱ्या लक्षणांवरून केवळ अभ्यासासाठी रचलेली आहेत.

उदाहरण पहिले : पाण्याचे भांडे रिकामे करणारी कुत्री

दहा वर्षांची, गर्भाशय न काढलेली कुत्री. आठवडाभरापासून खूप पाणी पिते, रात्री उठून लघवीला जाते. दोन दिवस जेवलेली नाही, एकदा उलटी झाली. मागचा भाग सारखा चाटते. घरच्यांना वाटते की उन्हाळा बाधला. डॉक्टर विचारतात, “माजावर कधी आली होती?” घरातील आजी आठवून सांगतात, “होळीच्या सुमारास.” म्हणजे साधारण सहा आठवडे झाले.

या एका उत्तराने विचाराची दिशा बदलते. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि अंतःस्रावी ग्रंथींचे विकार यांतही पाणी पिणे वाढते. त्यांची तपासणी करायचीच आहे. परंतु माजानंतर चार ते आठ आठवड्यांनी वृद्ध मादी अशी आजारी पडली, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत गर्भाशयात पू झाला आहे असेच धरून चालावे. या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमधील विमा उतरवलेल्या श्वानांच्या मोठ्या अभ्यासात, गर्भाशय न काढलेल्या माद्यांपैकी जवळजवळ एक-चतुर्थांश माद्यांना वयाच्या दहा वर्षांच्या आत हा आजार झाल्याचे आढळले होते. यावरून तो किती सर्रास आहे याची कल्पना यावी.

त्याचे कारण असे. प्रत्येक माजानंतर, गर्भ राहो वा न राहो, सुमारे दोन महिने मादीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, स्राव साचतो आणि गर्भाशयाची जंतूंना बाहेर टाकण्याची शक्ती मंदावते. वर्षानुवर्षे हे चक्र चालले की योनिमार्गातून वर चढलेले जंतू, बहुधा ई. कोलाय, तेथे ठाण मांडतात. माज थांबवण्यासाठी दिलेली संप्रेरकांची इंजेक्शने हाच धोका आणखी वाढवतात. जंतूंचे विष रक्तात उतरून मूत्रपिंडांच्या पाणी धरण्याच्या कामात अडथळा आणते. म्हणून लघवी पातळ होते आणि तहान वाढते. दुखणे गर्भाशयात, लक्षण पाण्याच्या भांड्यात, असा हा प्रकार आहे.

गर्भाशयाचे मुख उघडे असेल तर पू बाहेर येतो आणि घरच्यांच्या लक्षात येतो. मुख बंद असेल तर काहीच बाहेर येत नाही, आणि हाच प्रकार अधिक घातक ठरतो. रक्तातील पांढऱ्या पेशी बहुधा वाढलेल्या असतात. सोनोग्राफीत द्रवाने भरलेल्या नळ्यांसारखे गर्भाशय दिसते. असा संशय असताना लघवीचा नमुना घेण्यासाठी पोटातून सुई घालू नये. ती फुगलेल्या गर्भाशयात शिरण्याचा धोका असतो.

उपचार म्हणजे शस्त्रक्रिया करून अंडाशयांसह गर्भाशय काढणे. आधी सलाईन व प्रतिजैविके देऊन रुग्णाला सावरावे आणि मग विलंब न लावता शस्त्रक्रिया करावी. येथेच कुटुंबापुढे कठीण प्रश्न उभा राहतो : “डॉक्टरसाहेब, एवढ्या म्हाताऱ्या जिवाला भूल सोसवेल का?” या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. धोका आहे. परंतु तो वयापेक्षा रक्तात भिनलेल्या विषाचा अधिक आहे, आणि तो वाट पाहण्याने दर दिवशी वाढतो. वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य माद्या बऱ्या होतात. नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांवर पू आटेल या आशेवर घालवलेला आठवडा मात्र पुष्कळदा परत मिळत नाही. गर्भाशयाचे मुख उघडणारी औषधे आहेत. ती मुख्यत्वे पैदाशीच्या तरुण माद्यांसाठी असून वृद्ध मादीत आजार उलटण्याची शक्यता मागे ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी रक्त व लघवी पुन्हा तपासावी. विषामुळे मंदावलेली मूत्रपिंडे पुष्कळदा पूर्ववत काम करू लागतात.

उदाहरण दुसरे : कुंथणारा कुत्रा

अकरा वर्षांचा नर. लघवीस वेळ लागतो, शौचास कुंथतो, शौच चपटे होते. अधूनमधून लघवी नसतानाही रक्ताचे थेंब पडतात. घरी बद्धकोष्ठता समजून एरंडेल दिले गेले.

बोटाने तपासल्यावर तीन शक्यता वेगळ्या करता येतात. ग्रंथी दोन्ही बाजूंनी सारखी वाढलेली आणि दुखत नसेल, तर ती वयोमानाने झालेली साधी वाढ असते. ती दुखत असेल, सोबत ताप असेल, तर जंतुसंसर्ग किंवा गळू. ती कडक, खडबडीत आणि एका जागी चिकटलेली असेल, तर कर्करोगाचा संशय घ्यावा.

साध्या वाढीवर खात्रीचा उपाय म्हणजे वृषण काढणे. त्यानंतर काही आठवड्यांत ग्रंथी आक्रसते. शस्त्रक्रिया शक्यच नसेल तर फिनास्टेराइडसारखे औषध देता येते. मात्र त्या गोळ्यांची पूड गर्भवती स्त्रीने हाताळू नये. जुनाट संसर्गात ग्रंथीत शिरू शकणारे प्रतिजैविक चार ते सहा आठवडे द्यावे लागते. पाचव्या दिवशी कुत्रा खेळू लागला म्हणून औषध बंद केले, तर आजार परततो आणि जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. कर्करोग मात्र वृषण काढलेल्या नरांतही होतो आणि त्यात पूर्ण बरे होण्याची आशा अल्प असते.

इतर महत्त्वाचे विकार

मूतखड्यांचे दोन प्रकार प्रमुख आहेत. संसर्गामुळे होणारे स्ट्रुवाइट खडे माद्यांत अधिक आढळतात. ते विशेष आहार व प्रतिजैविके यांनी विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. नराच्या लिंगात हाड असते. खडा बहुधा त्याच्या मागे अडकतो आणि लघवी बंद होते. पूर्ण दिवसभर लघवी झाली नाही तर सकाळची वाट पाहू नये. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते.

योनी किंवा लिंगावरील फुलकोबीसारखी, रक्ताळणारी गाठ ही बहुधा समागमातून पसरणारी गाठ असते. तिच्या पेशीच एका श्वानाकडून दुसऱ्याकडे जातात. घरच्यांना ते माजाचे रक्त वाटते. ही गाठ विन्क्रिस्टिनच्या आठवड्यातून एकदा दिलेल्या काही मात्रांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. ‘कर्करोग’ हा शब्द ऐकूनच ज्यांची आशा सोडली जाते, असे बरेच श्वान वाचवता येतात. ही गाठ माणसाला होत नाही.

मूत्रपिंडांचा जुनाट विकार हा सर्वांत मूक आजार आहे. सुमारे दोन-तृतीयांश कार्यशक्ती जाईपर्यंत लघवी पातळ होत नाही, आणि सुमारे तीन-चतुर्थांश जाईपर्यंत क्रिएटिनिन वाढत नाही. गेलेली शक्ती परत येत नाही. उरलेली जपता येते. फॉस्फरस कमी असलेला आहार, सदैव स्वच्छ पाणी, रक्तदाबावर लक्ष, प्रसंगी कातडीखाली सलाईन, यांनी महिने, कित्येकदा वर्षेही सुखाची जातात.

झोपेत लघवी झिरपणे हे गर्भाशय काढलेल्या माद्यांत आढळते आणि औषधाने आटोक्यात येते. अशा कुत्रीला ओरडणे वा मारणे हा अन्याय आहे. तिला ते कळतही नाही.

धानाच्या बांध्या आणि उंदरांचा ताप

आपला जिल्हा धानाचा आणि तलाव-बोड्यांचा. पावसाळ्यात बांध्यांत साचलेले पाणी, उंदीर आणि मोकळे फिरणारे कुत्रे एकत्र आले की लेप्टोस्पायरोसिसचा धोका उद्भवतो. हा जंतू उंदरांच्या व आजारी जनावरांच्या लघवीतून ओल्या मातीत व पाण्यात उतरतो. कुत्र्याला ताप, उलट्या, कावीळ आणि लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसतात. तोच आजार माणसालाही होतो. म्हणून आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालावेत, जमीन जंतुनाशकाने धुवावी आणि घरात कोणाला ताप आल्यास डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराविषयी अवश्य सांगावे. पेनिसिलिन गटातील औषधे व डॉक्सिसायक्लिन यांनी उपचार होतो. श्वानांसाठी प्रतिबंधक लस आहे; ती दरवर्षी टोचावी लागते.

काय करू नये

माणसांची वेदनाशामके कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनी श्वानाच्या जठराला व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गिधाडांच्या ऱ्हासामुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली. परंतु घरातील औषधांच्या डब्यातले डायक्लोफिनॅक अजूनही मायेपोटी कुत्र्याच्या पोटात जाते. द्राक्षे, मनुका व बेदाणे देऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडांना इजा होते. लघवी जास्त होते म्हणून पाणी तोडू नये. उरलेली जुनी प्रतिजैविके अंदाजाने देऊ नयेत.

दानाचा अर्थ

मुंबईत परळ येथे १८८३ साली सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या दानातून बाई साकरबाई यांच्या नावे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विदर्भात नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालापासून हे काम करीत आहे. तरीही गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर दूर आहे. पू भरलेल्या गर्भाशयाला किंवा अडकलेल्या लघवीला हे अंतर परवडतेच असे नाही. म्हणून जिल्ह्यातच काही साधने असणे अगत्याचे आहे. लघवीची घनता पाहण्याचे छोटे उपकरण, तपासणीच्या पट्ट्या, सूक्ष्मदर्शक आणि सलाईन ही फार महाग साधने नव्हेत. परंतु वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक निदानाची पहिली पायरी तीच आहेत. दात्याने दिलेली रक्कम बहुधा अशाच एखाद्या पट्टीच्या रूपाने, कोणाच्या लक्षातही न येता, एक जीव वाचवून जाते.

काही वेळा मात्र सर्व उपाय थकतात. मूत्रपिंडे शेवटच्या अवस्थेत असतात किंवा कर्करोग हाडांत पसरलेला असतो. अशा वेळी वेदनामुक्त मृत्यूचा विचार करणारे कुटुंब निष्ठुर नसते. कुत्रा खातो का, उठून आपल्या माणसांकडे येतो का, त्याचे चांगले दिवस वाईट दिवसांपेक्षा अधिक आहेत का, हे प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारावेत आणि डॉक्टरांशी शांतपणे बोलावे. तो निर्णय कोणी एकट्याने वाहू नये.

ज्याने दहा-बारा वर्षे आपल्या दाराची राखण केली, त्याच्या म्हातारपणी आपण त्याच्या पाण्याच्या भांड्याची राखण करावी, एवढीच विनंती. मापाने भरलेले ते भांडे आणि माजाच्या तारखेची कॅलेंडरवरील एक खूण, या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत. त्या दोहोंच्या आधारे वेळेवर दवाखान्यात आणलेला रुग्ण बरा होऊन परत जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.